गाऱ्हाणे अल्लाहपुढे, शोध जमिनीवर

दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये एका पित्याचे दुःख वर्णिले आहे. लाडका पुत्र दुरावल्यावर ह. याकूब (अलै.) इतके शोकाकुल झाले की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. ते सामान्य मनुष्य नव्हते, अल्लाहचे प्रेषित होते. त्यांचा सब्र आपल्यासाठी आदर्श आहे. तरीही त्यांच्या या शोकाला कुरआनने ईमानची दुर्बलता म्हटलेले नाही.

याच सूरहच्या ८६व्या आयतीत ते सांगतात की, आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे आपण केवळ अल्लाहपुढे मांडतो. ही गोष्ट आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. परंतु लगेच पुढच्या आयतीत ते पुत्रांना यूसुफ व त्यांच्या भावाचा शोध घ्यायला पाठवितात आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, असे बजावतात. तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. दुआ आणि प्रयत्न ही एकाच तवक्कुलची दोन अंगे आहेत.

प्रिय बंधू-भगिनींनो, आपल्या कित्येक घरांत हा शोध थांबलेला आहे. तरुण मुलगा फजरला उठेनासा होतो, सून दिवसभर कोणाशी बोलत नाही, वडील रात्र-रात्र जागे असतात. आपण म्हणतो, ईमान कमजोर झाले, सब्र करा. कोणी नजर लागली म्हणून आमिलाकडे नेतो, कोणी ताईत बांधतो. महिने निघून जातात आणि आजार वाढत राहतो.

मग साधे दुःख कोणते आणि आजार कोणता? नवव्या-दहाव्या शतकातील मुस्लिम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. ज्या दुःखाचे कारण माणसाला सांगता येते ते, आणि ज्याचे कारण त्याला स्वतःलाच उमगत नाही ते, असा भेद त्यांनी केला. दुसऱ्या प्रकारात शरीरावरही उपचार करावे लागतात, असे त्यांचे मत होते.

आजचे वैद्यकशास्त्र एक सोपे माप देते. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे, हे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, सलग दोन आठवडे टिकले आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती व एकाग्रता बिघडली, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली आहे. काळजीने छाती धडधडणे, श्वास कोंडणे, त्यापायी काम, शिक्षण वा नाती अडू लागणे, हेही तसेच लक्षण आहे. मात्र जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलला, तर एक दिवसही थांबू नये. त्याला एकटे सोडू नये. घरातील औषधे व कीटकनाशके दूर ठेवावीत आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्वतःला अतोनात दोषी मानणे हे नैराश्याचेच एक लक्षण आहे. श्रद्धावंताच्या मनात ते ‘अल्लाहने मला टाकून दिले’ या रूपाने येते. अशा माणसाला ईमानवरून टोचून बोलणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. नमाजमध्ये मन न लागणे हा त्याचा अपराध नसून त्याचा आजार असू शकतो.

उपचारांविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध ठेवले आहे, असे समजाविले. त्यात तन आणि मन असा भेद नाही. शोकग्रस्तांच्या मनाला आराम पडावा म्हणून त्यांनी जवाची तलबीना सुचविल्याचे ह. आयेशा (रजि.) सांगतात.

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. थायरॉईडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसू शकतात. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, समुपदेशक संवादातून उपचार करतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. ते मनाने बंद करू नये. रमजानपूर्वी गोळ्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. लोकांना कळले तर मुलीचे लग्न कसे होईल, या भीतीने कित्येक माता गप्प राहतात. त्यांनी जाणावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केले आहे.

दुआ, नमाज व तिलावत सोडू नका. त्यांनी मनाला आधार मिळतो. परंतु त्यांच्या नावाने उपचार अडवूही नका. ह. याकूब (अलै.) यांची दृष्टी परत आली ती यूसुफ (अलै.) यांच्या सदऱ्याच्या निमित्ताने. बरे करणारा अल्लाहच होता, तरी सदरा घेऊन कोणीतरी त्यांच्यापर्यंत चालत आले होते. आपल्या घरातील आजाऱ्यासाठी ते चालणे आपल्या वाट्याला आले आहे.

अल्लाह आपल्या घरांतील प्रत्येक व्यथित मनाला शिफा देवो आणि आम्हांला त्याचा आधार बनण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.