वस्तू कोणासाठी घडवायची?

डिझाइन म्हणजे वस्तूला दिलेला देखणा आकार, असे आपण सहज मानतो. मुलांचा चित्रकलेत हात चांगला असला की त्यांनी या शाखेकडे वळावे, असा सल्लाही देतो. परंतु या विद्येच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. ज्याच्यासाठी वस्तू घडवायची, त्याचे जगणे समजून घेण्याची आपली तयारी आहे काय?

जयपूर पायाचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय ताठ घोट्याचा आणि बुटात घालण्याजोगा होता. आपला शेतकरी मात्र अनवाणी चिखल तुडवतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. अशा माणसाने तो पाय कोपऱ्यात टाकून दिला, तर दोष कोणाचा? जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. त्यांच्या प्रयत्नांतून १९६८ च्या सुमारास रबराचा, लवचीक, बुटावाचून चालणारा पाय आकारास आला. एकाजवळ वैद्यकाचे ज्ञान होते, दुसऱ्याच्या हातात कला होती. पण पाय कसा हवा, हे रुग्णांच्या रोजच्या जगण्यानेच शिकवले. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार लाभला. बेताचेच शालेय शिक्षण झालेल्या शर्मांचे नाव मात्र आजही थोड्यांनाच ठाऊक आहे. कोणाच्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणतो, हाही या अभ्यासाचाच प्रश्न होय.

मग वापरणारा मागेल तेच द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. माणसाच्या गरजेबरोबर त्याचा मोह आणि त्याची सवयही बोलत असते. त्यांतील भेद ओळखण्यासाठी चिकित्सा हवी. त्याचबरोबर, संशोधनाच्या नावाखाली समोरच्या माणसाचा केवळ नमुना होऊ नये, याचीही जाण हवी. त्याचे घर पाहायचे, त्याच्या अडचणी टिपून घ्यायच्या आणि निर्णय मात्र त्याच्यावाचून घ्यायचा, हे ऐकणे नव्हे.

परोपकाराची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा विचार थोडा बोचेल. दुसऱ्याचे भले आपल्याला त्याच्याहून अधिक कळते, असे दात्याला वाटू लागते. म्हणूनच आपली मुले या शाखेकडे वळतील, तेव्हा त्यांच्या हाती पेन्सिल जरूर द्यावी. पण ज्याच्यासाठी रेघ ओढायची, त्याच्याशेजारी काही काळ मुकाट्याने बसण्याचा धीरही त्यांना घरातूनच मिळावा.