फ्लॉपीतली अमानत

वस्तू जुनी होणे वेगळे आणि निकामी होणे वेगळे. जाते बोथट झाले तर टाकी लावून घेता येते, तांब्याच्या पातेल्याला कल्हई करता येते. यंत्रांचे तसे नाही. अकलूजला आमच्या माळ्यावर एक संगणक आहे. वीज दिली की आजही गुरगुरत सुरू होतो. बिघाड त्याच्यात नाहीच, त्याचे सोबती गेले. सोनी कंपनीने 2011 साली जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. त्याच्या छपाईयंत्राची रिबन आता कुठे मिळत नाही. समवयस्क गेले की म्हातारा माणूस घरात असूनही एकटा होतो, तसेच हे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस या संगणकावर आम्ही डीटीपीची कामे करीत होतो. लग्नपत्रिका, कारखान्याच्या हंगामातली पत्रके, लावणी स्पर्धेच्या दिवसांत जाहिराती आणि आपल्या लोकांचे निकाहचे रुक्के. उर्दूसाठी 1994 साली आलेले इनपेज होते. मराठीचा कारभार मात्र अजब. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संहिता ठरवली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, पण छपाईच्या दुकानांत दोन्हींना कोण विचारतो? ज्याचा फाँट त्याची संहिता. तो फाँट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे.

त्या काळच्या फ्लॉप्यांचा एक डबा आहे. 1.44 एमबीची एकेक फ्लॉपी; आजच्या मोबाईलचा एक फोटोही तिच्यात मावायचा नाही. पत्रिका, पत्रके टाकून द्यायला हरकत नाही. पण एका फ्लॉपीत मोहल्ल्याच्या जकातीची यादी आहे. रमजानमध्ये कोणत्या घरी किती दिले, कोणत्या विधवेला शिलाई मशीन, कोणाच्या मुलाची फी. हिशेब ठेवणारे बुजुर्ग आमच्याकडे टाईप करून घेत आणि निघताना म्हणत, हे बाहेर जायला नको. ते बुजुर्ग आज हयात नाहीत. अमानत आमच्याकडे राहिली.

टेपरेकॉर्डरचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. आखातात नोकरीला गेलेल्या चाचांनी पत्राऐवजी भरून पाठवलेल्या कॅसेट घरात होत्या. ज्यांच्यासाठी त्या भरल्या त्या चाची आहेत. त्यांना विचारले, त्यांच्या मोबाईलवर आवाज उतरवून दिला, दुसरी प्रत केली नाही. अमानत ज्याची त्याला पोचली.

यादी कोणाची? देणाऱ्यांची की घेणाऱ्यांची? आम्हाला प्रथम वाटले, कात्रीने आतली तपकिरी चकती कापावी आणि मोकळे व्हावे. जकात घेणाऱ्याची लाज राखणे हे देण्याइतकेच मोठे काम. शिवाय फाँटच्या त्या चिवड्याने इतकी वर्षे पडदा राखला, तो आपण का उचलावा? तरुण मंडळी म्हणतात, सगळे युनिकोडमध्ये आणा, मोहल्ल्याचा इतिहास आहे. इतिहासाच्या नावाखाली दुसऱ्याची गरिबी मोबाईलच्या ग्रुपवर फिरवणे आम्हाला पटत नाही.

पण एका मित्राने जे विचारले त्याला उत्तर सापडेना. तो म्हणाला, देणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत, ती कोणी पुसणार नाही. त्या बायांचे नाव फक्त तुमच्या फ्लॉपीत आहे. ती कापली की मोहल्ल्यात फक्त दानशूरच राहत होते असे पुढच्यांना वाटेल.

फ्लॉपी नुसती पडू द्यावी, बुरशी धरून आपोआप मिटेल, हाही एक मार्ग. मात्र तो निर्णय काळाच्या गळ्यात घालण्याचा मार्ग आहे. अमानत सांभाळणाऱ्याला ती सूट नाही.

म्हणून ठरवले, जिचे नाव तिलाच विचारायचे. तिच्या मुलांना नाही, कारण मुलांना विचारणे म्हणजेच सांगणे. यातले काहीजण आज स्वतः जकात देतात, त्यांना आईचे ते दिवस ठाऊक असतील किंवा नसतील. जी हयात नाही तिचे नाव काढायचे, फक्त वर्ष, रक्कम आणि कारण ठेवायचे. मित्राच्या प्रश्नाला हे अर्धेच उत्तर आहे, हे आम्हाला मान्य आहे.

विचारायला जाणेही अवघड. घरात सून असते, नातवंडे असतात. एका खालांनी ऐकताक्षणी हात हलवला, “काट डाल.” दुसऱ्या एकीने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाल्या, “नाम रहने दे बेटा. भीक नई थी, हक था.”

त्यांची ओळ आम्ही युनिकोडमध्ये टाईप केली, नावासह. अजून तीन घरे राहिली आहेत. फ्लॉपी तोवर डब्यातच आहे.