भीतीची राखण

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणजे दोष राक्षसाचा नाही, भिणाऱ्याचा. पण आमच्या दिंडोरी तालुक्यात ही म्हण पूर्णपणे लागू पडत नाही. इथं उसात खरोखरचा बिबट्या असतो. आम्ही त्याला वाघच म्हणतो. रात्रीच्या लाईटच्या पाळीला मोटार चालू करायला विहिरीवर जाणारा माणूस बॅटरी घेतो, काठी घेतो, मोठ्यानं बोलत चालतो. त्याला भित्रा कोण म्हणेल? मग कोणती भीती घालवायची अन् कोणती राहू द्यायची? हा प्रश्न माझ्यापुढं एका कुत्र्यामुळं आला.

पिल्लू मळ्यात आलं तेव्हा चार महिन्यांचं होतं. नातवानं त्याला बघायच्या आधीच नाव ठरवलं होतं, वाघ्या. हा वाघ्या बादली पडली तरी ट्रॉलीखाली जायचा. ओझरहून लढाऊ विमान उडालं की भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसायचा. फवारणीचा ब्लोअर चालू झाला तर दिवसभर भाकरीला तोंड लावायचा नाही. आता द्राक्षाच्या मळ्यात छाटणीनंतर ब्लोअर सारखाच चालतो. तो टाळून त्याला इथं जगता येणार नव्हतं.

शेजारचे म्हणाले, "आप्पा, बांधून टाका ब्लोअरपाशी. दोन दिवसांत निघंल त्याचं भ्या."

हे बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं. आम्ही गोऱ्हे शिकवले ते जू मानेवर ठेवूनच. पण तेव्हाही नव्या गोऱ्ह्याच्या जोडीला जुना, शांत बैल जुंपायचो, हे आपण विसरतो. अन् दुसरं म्हणजे, बांधलेलं जनावर गप्प झालं म्हणजे त्याची भीती गेली असं नाही. सुटायची वाट नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं.

रशियातले शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला, तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यात अडकली. पाणी चढत गेलं. माणसांनी त्यांना कसंबसं ओढून बाहेर काढलं. कुत्री वाचली, पण त्यातली काही आधी शिकलेलं विसरून गेली. पुढं एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडं पाणी सोडलं, तर तेवढ्यानंच त्याचं भान पुन्हा सुटलं. पळायला वाट नसताना बसलेली भीती अशी खोल जाते.

म्हणून आम्ही उलटं धरलं. ब्लोअर बागेच्या एका टोकाला चालू असला की वाघ्याला दुसऱ्या टोकाला न्यायचं, तेही मोकळं. आवाज येतोय पण शेपटी पायात गेलेली नाही, अशा जागी थांबायचं. भाकरीचा तुकडा टाकायचा. त्यानं खाल्ला तर ठीक. नाही खाल्ला तर आपण आवाजाच्या फार जवळ आलो, असं समजून दहा ओळी मागं सरायचं. त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, बाजूला तोंड करून बसायचं. तो अंगाला चिकटला तर पाठीवर हात ठेवायचा. लाडानं भित्रेपणा वाढतो म्हणतात, तसं मला तरी दिसलं नाही. घरच्या म्हाताऱ्या कुत्रीला सोबत न्यायचो. ती ब्लोअरकडं ढुंकूनही बघायची नाही, ते पाहून तो बरंच शिकला. एक छाटणी सगळी यात गेली.

यात मला एक जुनी गोष्ट वेगळी दिसू लागली. कुत्र्यानं भाकरी पळवली अन् नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. महाराजांच्या मनात प्रेमच होतं. पण पुढं पळणाऱ्या कुत्र्याला काय वाटलं असेल? त्याला मागं लागलेला माणूस दिसला असेल, तूप दिसलं नसेल. आपण चांगल्या मनानं जरी मागं धावलो, तरी भ्यालेल्याला ते धावणंच दिसतं. तूप ठेवून बाजूला होणं जमलं पाहिजे. पोराबाळांच्या बाबतीतही मला हेच वाटतं.

वाघ्या धीट झाला. मजुरांमध्ये फिरू लागला. रस्त्यानं कोणी आलं तर भुंकू लागला. फक्त संध्याकाळनंतर उसाच्या बांधापाशी आला की तो थांबायचा, नाक वर करायचा अन् मागं फिरायचा. घरातले म्हणाले, "आता एवढं भ्या काढलं की राखणीला पक्का."

तिथं मी थांबलो. विद्या अत्रेय अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनानं सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उसाच्या कडेला वाघ्या कशाला भितो, हे त्याच्या नाकाला बरोबर कळत होतं. ब्लोअरची भीती त्याला जगू देत नव्हती. उसाची भीती त्याला जगवत होती. ती काढायची तर कोणासाठी? त्याच्यासाठी नक्कीच नाही. आमची झोप शांत लागावी म्हणून.

पूर्वी आमच्याकडं पोरांना विहिरीत ढकलूनच पोहायला शिकवत. पण पाठीला डबा बांधलेला असे अन् वर दोर धरून कोणीतरी जाणतं माणूस उभं असे. दोर धरायची तयारी नसेल त्यानं ढकलू नये. दुसऱ्याची भीती काढणं हे पुण्याचं काम खरं. पण ती भीती त्याची जी राखण करत होती, ती राखण त्या दिवसापासून आपल्या अंगावर येते. सैन्यात पाठवणाऱ्यानं, पोराला धंद्यात उडी घे म्हणणाऱ्यानं, कुत्र्याला वाघावर सोडणाऱ्यानं, प्रत्येकानं आधी स्वतःच्या हातात दोर आहे का ते बघावं.

वाघ्या आता दिवसभर बागेत असतो. अंधार पडला की त्याला शेडमध्ये घेऊन जाळीचं दार लावतो. मोटार चालू करायला आम्ही दोघं माणसं मिळून जातो. उसाच्या बांधावरून तो मागं फिरला तर त्याला कोणी हाक मारायची नाही, असं घरात सांगून ठेवलंय.