काचेपलीकडचा नाताळ



ख्रिस्तजयंती जवळ आली की चेन्नईतील वयोवृद्ध मंडळींना माउंट रोडवरील स्पेन्सरचे जुने दुकान आठवते. १८९५ साली उभी राहिलेली ती लाल विटांची भव्य वास्तू नाताळासाठी सजत असे. आतला माल अनेकांच्या ऐपतीबाहेरचा. परंतु काचेपलीकडची आरास डोळे भरून पाहण्यास पैसे पडत नसत. १९८३ मध्ये ती वास्तू आगीत नष्ट झाली. १९९१ पासून त्याच जागी स्पेन्सर प्लाझा उभा राहिला. पुढे १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई झाले. नव्या इमारतीतही दिवे लागले, पण जुन्यांचे मन तेथे रमले नाही.

अशा मनाची ओळख पवित्र शास्त्राला आहे. बाबेलहून परतलेल्या यहूद्यांनी मंदिराचा पाया पुन्हा घातला, तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले आणि इतरांनी हर्षाचा गजर केला. रुदन कोणते व जयघोष कोणता, हे कोणास ओळखता येईना, असे एज्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्या अश्रूंना एज्रा दोष देत नाही. आपणही देऊ नये.

मात्र पुढे काय झाले ते पाहा. बांधकाम वर्षानुवर्षे अडून राहिले. त्याला शत्रूंचा विरोध कारण होताच. पण काम पुन्हा सुरू झाल्यावर हाग्गय संदेष्ट्याने पहिले वैभव पाहिलेल्यांनाच गाठून विचारले, की हे तुम्हांला काहीच नाही असे वाटते ना? हा प्रश्न आपल्या घरातही शिरतो. “आता नाताळात पूर्वीची मजा राहिली नाही,” असे आपण सहज बोलून जातो. शेजारी गवत पसरून गव्हाणी मांडणारा नातू ते ऐकत असतो. त्याच्यापाशी पूर्वीचा नाताळ नाही. त्याच्यापाशी एवढाच आहे.

आरास म्हणजे पोकळ डामडौल, असे माझे मत नाही. १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तोही लोकांनी डोळ्यांनी पाहावा म्हणूनच. पण बेथलेहेमच्या मेंढपाळांना मिळालेली खूण कोणती होती? गव्हाणीत निजवलेले एक बालक. तेथे मध्ये काच नव्हती.

तेव्हा आजोबांनो, आजींनो, त्या लाल इमारतीची गोष्ट नातवाला अवश्य सांगा. ती सांगताना त्याच्या गव्हाणीपाशी बसा, आणि त्याने लावलेला तारा जरा कलला असेल तर तसाच राहू द्या.