आसूडाची वेणी



आसूड म्हटला की आपल्या मनात मार येतो. तो विणणाऱ्या हाताकडे आपण क्वचितच पाहतो. आमच्या बीड जिल्ह्यात शेती आणि गाडी बैलाच्या जिवावर चालली. मोट, वहाणा आणि आसूडाची वादी ही चर्मकाराच्या घरची कामे होती. आता पुष्कळ ठिकाणी नायलॉनची दोरी आली, तरी ही विद्या जाणून घेण्याजोगी आहे.

बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे भिजवायचे आणि रापीने गोल गोल फिरवीत त्याची एकच लांब वादी काढायची. ती सगळीकडे सारखी हवी. जिथे रोड झाली तिथेच तुटणार! मग चार किंवा सहा पदरांची वेणी. लेकीची वेणी आई घालते तशीच, पण इथे प्रत्येक पदराला सारखा ताण लागतो. ओले कातडे वाळताना आवळते, म्हणून ओलेपणीच विणावे. मुठीकडे जाड, आणि पुढे एकेक पदर आत मुरवीत शेवट उंदराच्या शेपटीएवढा बारीक. नंतर फळीखाली लोळवून गोल करायचे आणि तेल पाजायचे.

हा निमुळतेपणा शोभेसाठी नाही. हाताचा हिसका जाडाकडून बारकाकडे धावतो, आणि भार घटेल तसा वेग वाढतो. टोकाशी तो ध्वनीच्याही वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, मागे टाकतो. तो जो फाडकन आवाज निघतो तो हवेतला. पाठीवर बसल्याचा नव्हे. जाणता गाडीवान आसूड कानाशी वाजवतो, बैल पाऊल उचलतो, अंगाला वादी लागतही नाही. कारागिराने एवढे करून दिलेले असते. पुढचे काम धरणाऱ्याचे.

आणि ज्या पाण्यात हे कातडे भिजते त्याला कोणी विटाळ म्हणू नये. रोहिदास महाराजांच्या अशाच कुंडीत गंगा प्रकटली, असे आपण कीर्तनात ऐकतो ना? मग त्या घरच्या ओट्यावर बसायला संकोच कसला?

पैठणहून खाली येणारी गोदावरीच आमच्या गेवराई-माजलगावच्या शिवेवरून वाहते. त्या पैठणात रेड्यावर आसूड ओढला आणि वळ ज्ञानोबारायांच्या पाठीवर उठले, अशी कथा सांगतात. ही कथा आम्हांला ऊसतोडीच्या हंगामात आठवते. आमच्या जिल्ह्यातली कुटुंबे कोयता आणि बैलगाडी घेऊन कारखान्यावर जातात. गाडी उसाने लादलेली, समोर चढ. बैल थबकतो आणि आसूड पाठीवर उतरतो. हे वाईटच. पण हाणणाऱ्याने मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्याला तरी कुठे थांबता येते? त्याच्या पाठीवरचा आसूड कोणाला दिसत नाही. पराणीला टोकदार आर लावून जनावराला टोचण्याची १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली. उचलीची आर मात्र टोचतेच आहे. बैलाची दया सांगणाऱ्या कीर्तनकाराने गाडीवानाला वगळून ती सांगू नये, असे आमचे मत आहे.

येत्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी कराल, तेव्हा हळद-लोण्याचा हात खांद्यावरून मागे पाठीवरही फिरवावा. वळ असेल तर बोटांना लागेल.