ताप कोणता, तप कोणते?

हल्ली शाळांच्या संबंधात 'सामाजिक-भावनिक शिक्षण' असा एक शब्द कानी पडतो. शब्द जड आहे, अर्थ तितका जड नाही. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाते सांभाळणे आणि विचारपूर्वक निर्णय घेणे, अशी त्याची पाच अंगे सांगतात. महाराष्ट्रात २०२४-२५ या वर्षापासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' आखला गेला. त्यात श्वासाची तंत्रे, ध्यान, खेळ, नातेसंबंध असे विषय घातले. उत्तम झाले. परंतु वाचकहो, येथे एक शंका उभी राहते. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पोराला धाकात ठेवायचे आणि शनिवारी त्यालाच "डोळे मीट, शांत हो" म्हणायचे, हे धर्माला धरून आहे काय? ज्याने ओझे लादले त्यानेच ते सोसण्याची युक्ती शिकवावी, याला दया म्हणायचे की स्वतःची सोय?

'ताप' आणि 'तप' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले. आच दोहोंतही आहे. पण तप माणूस आपण होऊन पत्करतो, ते कशासाठी हे त्याला ठाऊक असते. ताप दुसऱ्याने लावलेला असतो. अवघड गणिताशी झटताना मुलाला जो शीण होतो तो काढून घेऊ नये. तो काढला तर विद्याच गेली. (संधीचे नियम घोकल्यावाचून व्याकरण कुणाला आले आहे हो?) पण त्याच मुलाला चारचौघांत "तू ढ आहेस, शेजारच्याचे मार्क बघ" असे म्हटले, की त्या आचेवर अन्न शिजत नाही, भांडे तेवढे करपते.

कायद्यालाही हा भेद मान्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, आणि मूल भय व चिंता यांपासून मुक्त राहील असा अभ्यासक्रम असावा, असे म्हटले. आमच्या करवीर भूमीत छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तेव्हा पोर शाळेत यावे कसे, हा प्रश्न होता. आलेले पोर भीत भीत बसते, त्याचे काय, हा पुढचा प्रश्न. तो लीलाताई पाटील यांनी हाती घेतला. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या या कन्येने शिक्षक घडविण्यात बरीच वर्षे घालविली आणि १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' काढले. बाई २०२० साली निवर्तल्या. मुलाने बोलावे, विचारावे, आपला अनुभव आपल्या शब्दांत लिहावा, याला त्यांच्या शाळेत मान होता. नावात आनंद आहे म्हणून तिथे नुसती मौज चालत असेल, असे कुणी समजू नये. धाक काढला म्हणजे कष्ट काढले, असे होत नाही.

आता दुसरी बाजू. काही ताप कुणीच लावलेला नसतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला. आमच्या तालुक्यातली चिखली, आंबेवाडी ही गावे सोडून माणसे बाहेर पडली. ज्याचे दप्तर भिजले, गोठ्यातले जनावर गेले, ते पोर पूर ओसरल्यावर वर्गात येऊन बसले, तर गुरुजींनी पहिल्या दिवशी धडा काढावा, की "घरी काय काय झालं रे?" असे विचारावे? गीतेच्या पहिल्या अध्यायाला 'विषादयोग' म्हणतात. तिथे अर्जुन आपल्या देहाची अवस्था एकेक करून सांगतो: तोंड कोरडे पडले, अंग कापते, धनुष्य हातातून गळते. त्या सबंध अध्यायात श्रीकृष्णांच्या मुखी एकच लहानसे वाक्य आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला रागावतात, हे खरे; पण ते सगळे ऐकून घेतल्यानंतर. आम्ही ऐकण्याआधीच रागावतो.

कुणी म्हणेल, "बुवा, चाळीस पोरांचा वर्ग, एकेकाचं ऐकायला वेळ कुठाय?" म्हणणे खोटे नाही. पण हजेरी तर रोज घेतातच ना? नाव पुकारताना मान वर करून त्या तोंडाकडे पाहायला वेगळा तास लागत नाही. ज्याचा "हजर" आज बारीक आला, त्याला मधल्या सुटीत जवळ बोलवावे. चारचौघांत मात्र विचारू नये. त्यानेही नवा ताप होतो.

आणि शिक्षकाचे काय? जनगणना, आपत्तीचे काम आणि निवडणूक ही कामे त्याच कायद्याने शिक्षकाकडे ठेवली आहेत. वर निकालाचा धाक. जो स्वतः भ्यालेला, तो पोराचे भय काय ऐकणार? गडमुडशिंगीसारख्या गावात आईबाप शेतात नाहीतर कारखान्यात राबतात, आणि पोराच्या मार्कांवर घराची आशा टांगलेली असते. त्या आशेचा काच शिक्षकालाही लागतो, पोरालाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. गळके छप्पर आणि पोषण आहार यांच्याबरोबर एखाद्या सभेत त्यांनी हाही विषय काढावा: गुरुजी, तुमच्यावर कसला भार आहे, आणि त्यातला आम्ही घातलेला किती?