न मारलेला मासा

हिंसा म्हणजे जीव घेणे, अशी आपली सोयीची समजूत आहे. वाटेतली मुंगी आपण ओलांडून जातो. मोरीत बादली रिकामी करताना मात्र हात अडखळत नाही. मी कर्वेनगरात राहतो. आमच्या मोऱ्यांचे पाणी शेवटी मुठेलाच मिळते. आता यात नीती-अनीतीचा प्रश्न कुठे आला, असे कोणीही विचारील.

प्रश्न आणला तो माशांनी. शहरांचे शुद्ध केलेले सांडपाणी ज्यांत सोडतात, अशा इंग्लंडातील नद्यांत नर माशांच्या वृषणांत अंडी आढळल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या तीन वर्षांत एका तळ्यात संततिनियमनाच्या गोळीतले हार्मोन मुद्दाम मिसळले. प्रमाण किती? वीस कोटी लिटर पाण्यात सुमारे एक ग्रॅम! तेवढ्याने, मादीने अंड्यांसाठी बनवावे ते प्रथिन नरांच्या यकृतात तयार होऊ लागले, आणि तिथल्या मिनो माशांचे कूळ जवळजवळ बुडाले. मासा मारावा असे कोणाच्या मनातही नव्हते. पिढी मात्र उपजलीच नाही.

मग दोष गोळीला द्यावा काय? ज्या महर्षी कर्व्यांचे नाव आमच्या वस्तीला आहे, त्यांच्याच चिरंजीवांनी, र. धों. कर्व्यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि लोकनिंदा सोसली. बाईला मिळालेली ती मोकळीक मी परत मागणार नाही. शिवाय गोळी एकटी नाही. काही धुलाईद्रव्यांतली, प्लास्टिकमधली, कीटकनाशकांतली रसायनेही हार्मोनची सोंगे घेतात.

हेतू शुद्ध असला की आपण सुटलो, असे आपण मानतो. मला वाटते, शुद्ध हेतू पापातून सोडवील, कर्तव्यातून नव्हे. लाखो घरांत वाटला गेलेला दोष प्रत्येकाच्या वाट्याला कणभरच येतो. माशाला मात्र त्याची बेरीज सोसावी लागते.

म्हणून कर्तव्यही वाटूनच घ्यायला हवे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून असली सूक्ष्म द्रव्ये सांडपाण्यातून काढण्यासाठी माणशी वर्षाला नऊ फ्रँकपर्यंत पट्टी बसवली. तिकडे कॅनडाच्या त्या तळ्यात हार्मोन मिसळणे थांबल्यावर काही वर्षांनी मासे पुन्हा वाढले. पाणी इतके क्षमाशील असेल, तर दिवाळीच्या खर्चात नदीच्या नावाची एक पट्टी मला तरी जड वाटणार नाही.